उन्हात टिकणारं गवत

आमच्या घरात मला कात्री म्हणतात. एक तर मी शिवणकाम करते, आणि दुसरं कारण माझी जीभ. नाव ठेवलं दादाने, लहानपणी. आता तो केस पिकलेला माणूस आहे, तिकडे थंड देशात मोठ्या हुद्द्यावर आहे, तरी फोनवर अजून "काय कात्री, चाललीय का?" असंच सुरू करतो. त्या दिवशीही तसंच सुरू केलं आणि मग एकदम म्हणाला, "घराचं काय करायचं ते या वर्षी येऊन ठरवणार आहे. ठेवायचं की विकायचं."

घर त्याच्या नावावर. बाबांनीच केलेलं. "तू बहिणीला बघशीलच," असं ते त्याला तोंडी म्हणाले होते, आणि तोंडी बोललेलं माणसाबरोबरच जातं. घरात राहतो आम्ही दोघी, आई आणि मी. लग्न मोडून परत आले तेव्हापासून पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे. गिऱ्हाइकं फाटकातून येतात, अंगण ओलांडतात, खिडकीतूनच माप बरोबर आहे का विचारतात. घर गेलं असतं तर माझं छप्परही जाणार होतं आणि पोटही.

"ठेवायचं," मी म्हणाले. "त्यात ठरवायचं काय?"

"अगं, मलाही ठेवावंसंच वाटतं. निवृत्त झालो की तिथेच येऊन राहीन म्हणतो. पण मागच्या वेळी आलो तेव्हा तुझ्या वहिनीला आणि पोरींना फाटकातून आत पाऊल टाकवेना. नुसती धूळ आणि दगडं. एवढं मोठं अंगण आणि उकिरडा करून ठेवलाय. पुढे छान हिरवळ कर, आमच्याकडे आहे तशी. बघून मन प्रसन्न झालं पाहिजे. मग विकतंय कोण!"

हे शेवटचं वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. गवत जगलं की घर राहिलं, इतका सरळ विचार मी केला. एरवी गिऱ्हाइकाने शपथेवर सांगितलेलं मापही मी पुन्हा टेप लावून बघते. भावाच्या शब्दाला मात्र टेप लावली नाही.

आधी जमीन करायची होती. दगड काढायला एक खणणारा बोलावला, त्याने मोठे दगड काढले आणि बारीक काम माझ्यावर टाकून गेला. ते बारीक काम म्हणजे माझंच पाप होतं. इतकी वर्षं मी केर झटकत आले तो खिडकीतून अंगणात. चाळणीतून माती गाळायला लागले तर बटणं, हूक, तुटक्या सुया आणि टाचण्या निघायला लागल्या, की बघत राहावं. पोरी अनवाणी चालणार. म्हणून मशीनच्या खणातलं टाचण्या उचलायचं लोहचुंबक काठीला बांधलं आणि सगळं अंगण त्याने विंचरून काढलं. आई ओट्यावर बसून म्हणायची, "अगं, जमिनीच्या उवा काढतेयस का?" तिला मजा वाटत होती. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

बी वहिनीने पाठवलं. पाकिटावर एक गोरीपान मुलगी गवतात पालथी पडून हसत होती. वहिनीचा निरोप होता की आमच्या अंगणात हेच आहे, दुसरं काही घेऊ नका, तुमच्याकडची गवतं पायाला टोचतात. मी ते बी घेऊन नर्सरीवाल्याकडे गेले. हा नर्सरीवाला म्हणजे मोठं नामी प्रकरण. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून तो झाडांचे गुण ठरवतो. त्याने बी तळहातावर घेतलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, एकदम फर्स्ट क्लास. थंडीत टाका, पंधरवड्यात गालिचा."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात पाणी द्या."

उत्तर खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी शेणखत घेतलं आणि घरी आले.

थंडीत टाकलं आणि खरंच आलं. आधी हिरवट धूर पसरल्यासारखं, मग मऊ, दाट, पोपटी. मी फोन उंच धरून सगळ्या अंगणात फिरले, तिकडे वहिनीने "अय्या!" केलं. दादा म्हणाला, "शाब्बास कात्री. थंडी संपायच्या आत येतोच." थंडी संपली. त्याचं काम निघालं. मग पोरींच्या परीक्षा निघाल्या. मग म्हणाला, उन्हाळ्यात त्यांना सुट्ट्या आहेत, तेव्हा येऊ.

आमच्याकडचा उन्हाळा पाहुणा नाही, तो घरजावई आहे. आला की हलत नाही. गवताने पहिल्या तापलेल्या आठवड्यातच मान टाकली. मी सकाळी पाणी घातलं, दुपारी घातलं, संध्याकाळी घातलं. संध्याकाळच्या पाण्याने त्याला बुरशी धरली, रुपयाएवढे पिवळे डाग पडले, डाग एकमेकांना मिळाले, आणि एके दिवशी हात लावला तर सगळं गादीतल्या काथ्यासारखं हातात आलं. मुळं बोटभरसुद्धा खाली गेलेली नव्हती. ते गवत थंडीपुरतंच आलं होतं, थंडीबरोबर गेलं.

दादाला दाखवलं तर तिकडून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू. "पाणी कमी पडलं असेल. खत जास्त झालं असेल. आमच्याकडे तर आम्ही काही करतच नाही, आपोआप वाढतं." मी म्हणाले, "तुझ्याकडे सूर्य पण सरकारी नोकरीत आहे, उशिरा येतो नि लवकर जातो." तो हसला नाही. म्हणाला, "हे बघ, आम्ही यायच्या आत अंगण हिरवं पाहिजे. नाहीतर मला या घराचं काही वेगळं बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी नर्सरीत गेले ती भांडायलाच. नर्सरीवाला जराही शरमला नाही. "तुम्हीच बी घेऊन आलात ताई. मी म्हटलं, कशाला मन मोडा." मग मात्र त्याने मागच्या वाफ्यांकडे नेलं. एक रुंद पानाचं गवत होतं, सावलीत चालणारं, पण रोज पोटभर पाणी पिणारं. आमच्या नळाची ऐपत तेवढी नव्हती. दुसरं मखमलीसारखं घट्ट, देखणं, पण इतकं संथ की अंगण भरायला दोन वर्षं घेणार. तिसरं बारीक पानाचं, थोडं राखाडी झाक असलेलं. मी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही तर हरळी!"

"हरळीच. पण निवडलेली जात आहे, बारीक."

"शेतात शिरली तर लोक डोक्याला हात लावतात. आणि तुम्ही विकता?"

"म्हणून तर विकतो. जी उपटून जात नाही ती उन्हाने काय जाणार? थंडीत सगळे लावायला धावतात, ही मात्र ऊन तापल्यावर लावायची. तापलेली माती लागते हिला. फक्त सावली चालत नाही. झाडबीड आहे का अंगणात?"

झाड होतं. बाबांनी लावलेलं तुतीचं झाड, माझ्या खिडकीसमोर. त्याच्यामुळे दुपारी पुढच्या खोलीत बसवत होतं. त्याला मी कमी शिव्या घातल्या नाहीत. तुती पिकली की जांभळे डाग पडत. एकदा एका नवरीच्या पांढऱ्या झग्यावर पडला होता, तो काढताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण दुपारी मान वर केली की पानं दिसायची, आणि बाबा दिसायचे, त्याला पाणी घालताना.

दादाला विचारलं. त्याने "कापून टाक मग" म्हणायला श्वासभरही वेळ घेतला नाही. आईला विचारलं. ती झाडाकडे बघून म्हणाली, "त्यांनी लावलेलं आहे गं." मग म्हणाली, "पण पोरगा म्हणतोय तर काप. झाडापेक्षा घर मोठं." मी माणूस लावून झाड पाडलं. फांद्या पडत होत्या तेव्हा मी आत मशीन जोरात चालवत बसले, काहीच शिवत नव्हते, नुसतं चाक फिरत होतं. त्या दिवसापासून दुपारी माझी खोली भट्टी झाली. शिवताना घाम कापडावर पडू नये म्हणून मनगटाला पंचा बांधून बसायचे.

मग लावणी. हरळीचे छोटे छोटे गड्डे मिळाले, मुळांसकट. माझ्या हातून काही वेडंवाकडं होत नाही, हा माझा दोष आहे. अंगणभर दोऱ्या ताणल्या, कापडावर आखतात तशा खडूच्या भुकटीने रेघा मारल्या आणि वीत वीत अंतरावर एकेक गड्डा बसवला, पायाने दाबला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अंगणाला टाके घालतेयस का गं?" म्हटलं, "हो, तुझ्या तोंडालाही घालीन, इकडे ये." ती खो खो हसली आणि मला सरबत आणून दिलं.

पहिले दिवस थोडं थोडं पाणी, पण सारखं. मशीनवरून उठायचं, पाइप धरायचा, परत बसायचं. मुळं धरली हे ओढून बघितल्यावर कळलं, तेव्हा पाणी उलटं केलं: रोज रोज नाही, पण देताना खोल. वरवर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात, लाडावलेल्या पोरासारखी. थोडी तहान लागू दिली की खाली जातात. मग गड्ड्यांतून धावते फुटले, जमिनीला सरपटत, पेऱ्यापेऱ्याला मुळं टाकत. एकमेकांच्या हातात हात घातल्यासारखे ते भेटले. पिंपात पाणी भरून ते अंगणावरून लोळवलं, उंचसखल मोडलं. पहिली कापणी कात्रीने केली, हसू नका, मोठ्या शिवणाच्या कात्रीने, गुडघ्यांवर बसून. गवत कापायचं मशीन लावलं असतं तर कोवळं उपटून आलं असतं. तुतीच्या बुंध्याला कोंब फुटत होते, तेही त्याच कात्रीने कापत राहिले, कारण सावली पडली असती.

मधे एक गंमत झाली. उरलेला एक गड्डा मी मोरीमागे डब्यात टाकून विसरले होते. सापडला तेव्हा वाळून काडी झालेला. फेकणार होते, तर सहज एक धावता वाकवून बघितला. मोडला नाही, वाकला. नखाने साल काढली तर आत पांढुरकं हिरवं. पाण्यात ठेवला आणि आठवड्यात त्याला पातं आलं. मी तो डबा घेऊन आईकडे धावत गेले, शाळेत नंबर आल्यासारखी. "बघ आई, मेलं नव्हतं. झोपलं होतं! वरून कितीही वाळू दे, वाकलं तर जिवंत, मोडलं तर मेलं. हे गवत मरत नाही गं, झोपतं." आईने डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं, स्वतः नखाने साल काढून बघितली. "शहाणी आहेस," म्हणाली. तिने मला शहाणी म्हटलेलं मला फार आठवत नाही, म्हणून हे लक्षात राहिलं.

दादा, वहिनी आणि दोन पोरी भर उन्हाळ्यात आली. सगळी गल्ली करपलेली आणि आमचं फाटक उघडलं की हिरवंगार. पोरींनी बूट फेकले आणि धावल्या. एकीलाही टाचणी टोचली नाही. वहिनी वाकून पातं चिमटीत धरून म्हणाली, "टोचत नाही हो." दादा संध्याकाळी अनवाणी चालला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात मागे बांधून, अगदी बाबांसारखा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कमाल केलीस कात्री." त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी मी एका बाईच्या कुर्त्याची बाही लावत होते, तेव्हा फाटक वाजलं. चकचकीत बुटांचा एक माणूस आत आला. गिऱ्हाईक असेल म्हणून मी टेप गळ्यात घातली. तो सरळ गवतावर गेला, गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो काढायला लागला. दादा बाहेर आला, त्याच्याशी हात मिळवला.

"सुरेख झालंय," तो माणूस म्हणाला. "मागच्या वर्षी मी सांगितलंच होतं तुम्हाला. मातीचं अंगण दाखवून कोण घेणार? पुढे लॉन करा, गिऱ्हाईक फाटकातच अर्धं पटतं."

माझा पाय मशीनच्या पायटीवर होता. सुई बाहीतून सरळ पुढे गेली, शिवण चुकली, कापड गोळा झालं. मी उठून बाहेर गेले.

"हे कोण?"

दादा म्हणाला, "आत चल, सांगतो."

"इथेच सांग."

"अगं, एजंट आहे. बघायला बोलावलंय नुसतं."

"मागच्या वर्षीपासून बघतोय तो. तू मला काय म्हणाला होतास? 'मग विकतंय कोण,' म्हणाला होतास."

"तेव्हा तसं वाटत होतं. आता पोरींचं पुढचं शिक्षण आहे, तिकडे मोठं घर बघतोय. तू समजून घे ना जरा. तुझी सोय मी करणारच आहे. बाजाराच्या मागे एक खोली बघितलीय, मशीन मावेल. आई आमच्याबरोबर येईल."

आई ओट्यावर वाटाणे सोलत बसली होती. मी तिच्याकडे वळले. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

"तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे..." आई शेंगेतले दाणे काढत म्हणाली, "तो म्हणाला, कात्रीला आत्ताच सांगू नकोस. ती हात आखडता घेईल."

बाबांचं झाड कापताना ती काय म्हणाली होती ते मला आठवलं. झाडापेक्षा घर मोठं. तिला तेव्हाही माहीत होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे दांडाही मीच होते आणि कुऱ्हाडही मीच पाजळली होती. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं नाव कात्री आहे एवढं पुरे. वहिनी पोरींना घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. दादा सगळं ऐकून म्हणाला, "झालं बोलून?" मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

घर बघायला दोन-चार जण आले. त्यातलं एक जोडपं आणि त्यांचा चिमुरडा फार खूश झाले. बाई गवतावर बसलीच. त्यांनी सांगितलं की त्यांचं जुनं घर विकलं गेलं की महिन्याभरात येऊन पक्कं करू. दादाची रजा संपली, तो गेला. कागद एजंटवर सोपवले. जाताना म्हणाला, "तेवढं गवत सांभाळ. तेच बघून घेतायत." मला सांगितलं हं हे. माझ्या तोंडावर.

ते गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर टाचण्यांचा डबा हातात घेऊन गवताच्या काठाशी उभी राहिले. चुंबकाने एकेक वेचलेल्या टाचण्या होत्या त्यात, गंजलेल्या. एक मूठ भिरकावली असती तर काम झालं असतं. पण त्या चिमुरड्याचे पाय डोळ्यांसमोर आले. लहान पोराच्या पायात टाचणी घालून मी घर वाचवावं, एवढी खाली मी गेले नव्हते. डबा ठेवून दिला आणि नळ बंद केला.

आईला म्हटलं, नळाला पाणी कमी येतंय. दोघी एकाच घरात राहत होतो, एकाच ताटलीतली भाकरी मोडत होतो, आणि अंगण वाळत होतं. आधी त्याच्यावर निळसर छटा आली. चालल्यावर पावलांचे ठसे तसेच दबलेले राहायला लागले. मग काठांनी तांबूस, मग मधून, आणि शेवटी फाटकापासून ओट्यापर्यंत सगळं भुरकट, पोत्यासारखं. मी शिवताना मान वर करून बघायचे. वाईट वाटायचं, कारण ते मी वाढवलं होतं. आणि बरंही वाटायचं. मेलेलं अंगण कोण घेईल? मातीचं अंगण कोणी घेत नाही, हे एजंटच म्हणाला होता.

जोडपं आलं तेव्हा एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे काय झालं?" बाई फाटकातच थांबली. नवऱ्याकडे बघितलं. "अहो, हे तर पार गेलं," ती हळूच म्हणाली, आणि तिचा आवाज पडला तो मला खिडकीत ऐकू आला. नवरा म्हणाला, "मातीतच काही खोट असेल. परत विचार करायला हवा." एजंट काहीतरी सारवासारव करायला लागला, पण ते दोघं फाटकाकडे वळले होते. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा जात नव्हता, आणि मनात म्हणत होते, जा. जा आता. माझं घर राहू द्या मला.

तेवढ्यात काठी टेकत आई ओट्यावरून खाली उतरली. इतक्या महिन्यांत ती पायऱ्या उतरली नव्हती.

"थांबा हो," ती म्हणाली. गवताच्या काठाशी वाकली, कमरेत कळ आली असेल, तरी वाकली. एक धावता उपटला आणि त्या बाईच्या हातात दिला. "वाकवून बघा. मोडतोय का?"

बाईने वाकवला. "नाही."

"नखाने साल काढा."

बाईने साल काढली आणि आत बघून नवऱ्याला दाखवलं. "हिरवं आहे!"

"माझ्या लेकीने लावलंय," आई म्हणाली. "तीच सांगते, हे गवत मरत नाही, झोपतं. पाणी घातलं की आठवड्यात उठेल. उन्हात टिकावं म्हणून मुद्दाम निवडलंय तिने. फार मेहनत घेतलीय."

ते दोघं कौतुकाने माझ्या खिडकीकडे बघायला लागले. बाई हसून म्हणाली, "कमाल आहे हो तुमची! आम्हाला पण शिकवा, पाणी कसं द्यायचं ते." मी मान हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

ते गेल्यावर आई आत आली, खुर्चीत बसली, धाप लागली होती. मी मशीनवरून उठले नाही.

"का सांगितलंस?"

"काय वाईट सांगितलं? तुझं कौतुकच केलं."

"माझं घर गेलं, आई."

ती गुडघा चोळत म्हणाली, "मला पोरींबरोबर राहायचंय गं. तुझ्याबरोबर राहिले की इतकी वर्षं. तू काय, कुठेही टाकलं तरी जगशील."

बोलली त्यात तिचं काही चुकलं आहे असं तिला वाटतही नव्हतं. तोंडावर तीच माया होती, डबा डोळ्यांजवळ धरून बघितला होता तेव्हाची. मला बोलायला खूप होतं. आयुष्यात पहिल्यांदा जीभ चालली नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय कात्री, चाललीय का? पक्कं झालं बघ. ताबा देईपर्यंत तेवढं हिरवं करून ठेव." मी फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर गेले.

पाइप कुंपणाशी गुंडाळलेला होता. नळ सोडला नसता तरी चाललं असतं, नव्या बाईने सोडलाच असता, नाहीतर आईने, काठी टेकत. तरी मी सोडला. पाणी गरम आलं, मग कोमट, मग गार. खोल द्यायचं असतं, वरवर नाही, म्हणून फाटकाजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि माती दबेपर्यंत एकेका जागी उभी राहिले. आठवड्यात सगळं अंगण हिरवं झालं.